गुरवाचा अंगठा

जननीआईचा कौल खोटा जात नाही अशी गुंजवण्याच्या खोऱ्यात ख्याती होती. ती जितकी देवीची होती तितकीच धनाजी गुरवाच्या उजव्या अंगठ्याची होती. हे एकट्या धनाजीला ठाऊक होतं, निदान त्याची तशी समजूत होती.

कौलाची रीत साधी. ज्याला विचारायचंय त्यानं देवीपुढं बसून आपला प्रश्न मोठ्यानं बोलायचा. गुरवानं तगरीच्या दोन पाकळ्या तांब्यातल्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण चाळीस वर्षं ज्याच्या हातात पाकळ्या होत्या त्याला पाकळीचा स्वभाव कळणारच. अंगठा कोरड्या उपरण्याला पुसून दाबून बसवली की खालचं पाणी निघून जातं आणि ती तासतासभर हलत नाही. नुसती पाण्यावर ठेवली, अंगठा लावल्यासारखा केला, की दहा-पंधरा मिनिटांत घरंगळते. बघणाऱ्याला दोन्ही वेळेला अंगठा सारखाच दिसतो.

आता धनाजी लबाड होता का? तर नाही. या कामासाठी त्यानं कधी कुणाकडून वरचा नारळसुद्धा घेतला नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की माणसाला आपलं सुख कशात आहे ते ठाऊक असतं, फक्त ते उचलायचा धीर नसतो. मनातलं आधीच ठरवून तो देवीच्या तोंडून ऐकायला येतो. मग त्याच्या तोंडाकडं नीट बघावं, कुठल्या बाजूला कललंय ते ओळखावं आणि तिकडची पाकळी पाडावी. देवीला तरी दुसरं काय हवं असणार, असं तो स्वतःशी म्हणायचा, आणि देवी काही बोलायला येत नसल्यामुळं हे चालून गेलं.

कधीमधी चुकायचंही. धरण झालं तेव्हा जमीन बुडालेल्या गेनबानं कौल लावला होता, की सरकार लांब देतंय ती जमीन घ्यावी का इथंच डोंगराच्या कडेला धरून राहावं. नव्या जमिनीचं नाव काढताच त्याचे डोळे चमकले, म्हणून धनाजीनं उजवी पाडली. गेनबा गेला. तेव्हापासून दर नवरात्रात तो यायचा आणि देवीकडं पाठ करून धरणाच्या पाण्याकडं बघत बसायचा. धनाजी त्याला प्रसाद द्यायचा आणि घाईनं आत वळायचा. ज्याला विचार करायचा नसतो त्याला कामं पुष्कळ सापडतात.

आज मात्र काम सापडत नव्हतं. आज कौलाला बसणार होती ती त्याची एकुलती एक लेक, नूतन.

आठ दिवसांपूर्वी भरदुपारी ती एस्टीतून उतरून वर चालत आली तेव्हा धनाजी देवळाच्या ओट्यावर पत्रावळी लावत होता. हातात पिशवी नाही, मोबाईल नाही, आणि डाव्या हाताची करंगळी फडक्यात बांधलेली. नसरापूरला तिच्या नवऱ्याचं, सोमनाथचं, फरशीचं दुकान होतं. वर स्लॅबचं घर. माणूस चारचौघांत इतका गोड, की गिऱ्हाईक फरशी बदलायला यायचं आणि आणखी दोन खोके घेऊन जायचं. घरात कपाटाच्या दारात त्यानं बायकोची करंगळी धरून दार ओढून घेतलं होतं, कारण तिनं न विचारता शेजारणीच्या मोबाईलवरून बापाला फोन केला होता. अकरा वर्षांत असं ती तिसऱ्यांदा माहेरी आली होती. पहिल्या दोन्ही वेळेला धनाजी स्वतः तिला परत घालवायला गेला होता. भांड्याला भांडं लागतंच, असं तो वाटेत तिला सांगत गेला. दोन्ही वेळेला सोमनाथनं हात जोडले, चहा ठेवायला लावला, आणि दोन्ही वेळेला सांजवात चुकायला नको म्हणून धनाजी चहा न घेताच उठला. तो उठल्यावर त्या घरात काय झालं ते नूतननं त्याला या आठ दिवसांत सांगितलं. तेही सगळं नाही.

या वेळी ती पोरीला घेऊन निघणार होती. प्रेरणा नऊ वर्षांची. त्या दिवशी सकाळी घरातून निघून नूतन शाळेत पोचली तर बाई म्हणाल्या, तिचे पप्पा अर्ध्या तासापूर्वीच घेऊन गेले. सोमनाथला माणसाच्या मनातलं आधी कळायचं. त्या अर्थानं तोही चांगला गुरव झाला असता.

आणि आज सकाळी त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ. "मामा, म्या काय राक्षस हाय का? आज सांजच्या गाडीनं ती आली तर मागचं समदं सोडून देतो. न्हाई आली तर उद्या पोरीला बहिणीकडं सुरतला पोचिवतो. तिकडंच शाळंत घालीन. मग तुमी आन तुमची लेक सुखात ऱ्हावा."

धनाजीनं पोलिसांचं नाव काढलं. गावातली चार माणसं घेऊन जाऊ म्हणाला. नूतन म्हणाली, चार माणसांपुढं तो पुन्हा हात जोडेल, आणि पोलिसांचा कागद होईपर्यंत पोर सुरतला पोचलेली असेल. प्रेरणाला दम्याचा त्रास होता. थंडी सुरू झाली की तिला पहाटे धाप लागायची. तिचा पंप कुठल्या फडताळात असतो, किती वेळा ओढायचा, हे त्या घरात नूतनशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आठ पहाटा तिनं माहेरच्या अंथरुणात जागून काढल्या होत्या. परत गेले तर या खेपेला करंगळीवर भागायचं नाही, हेही तिनं बापाला सांगितलं, आणि ते अशा आवाजात की जणू ती भाताच्या झोडणीला किती माणसं लागतील ते सांगत होती.

म्हणजे गेली तर ती मरणार आणि राहिली तर पोर जाणार. धनाजीनं सकाळपासून डोकं चालवून याच्यापलीकडं काही निघालं नव्हतं.

अशात दुपारी जेवणं झाल्यावर नूतन म्हणाली, "आबा, देवीला कौल लावा."

धनाजीला इतकं हायसं वाटलं की त्यानं हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही! चाळीस वर्षं परक्यांच्या पाकळ्या पाडल्या, आज घरच्यासाठी पाडायची. डावी पडेल, जाऊ नको म्हणून देवी सांगेल, आणि देवीनं सांगितल्यावर पोर थांबेल. पुढचं पुढं. प्रेरणाचं काय, हा प्रश्न त्यानं मनातल्या मनात त्या 'पुढं'वर ढकलून दिला. जिवाच्या भीतीनं माणूस असाच हिशेब करतो.

त्यानं आंघोळ केली, ओलं धोतर नेसलं, खांद्याला कोरडं उपरणं घेतलं. नूतन तगर खुडून घेऊन आली. देवळात कुणी नव्हतं. सगळं गाव खाचरात भातकाढणीला गेलं होतं, आणि खालून झोडणीचे आवाज येत होते. नूतन देवीपुढं बसली आणि स्पष्ट बोलली, "आई, म्या परत नांदाया जाऊ का?"

धनाजीनं उपरण्याला अंगठा पुसला आणि उजवी पाकळी दाबून बसवली. डावीला नुसता स्पर्श केला. मग डोळे मिटून, हात जोडून बसला. इतक्या मनापासून त्यानं कित्येक वर्षांत हात जोडले नव्हते.

नूतन देवीकडं बघत नव्हती. ती बापाच्या हाताकडं बघत होती.

"आबा, डावी पडंल आता."

"आसं बोलू न्हाई."

"उजवीला तुमी आंगठा पुसून दाबलाय. डावी पाण्यावर ठिवलीया."

धनाजीनं डोळे उघडले. तो काही बोलणार तेवढ्यात डावी पाकळी देवीच्या खांद्यावरून सुटली, छातीवरून घसरली आणि पायाशी पडली. दोघांनीही तिच्याकडं पाहिलं. मग नूतन म्हणाली की ती सहा-सात वर्षांची असल्यापासून हे बघत आली आहे. आई हयात असताना ती तांब्या धरायची आणि नूतन तिच्या मांडीवर बसायची. कुणाला होय मिळणार आणि कुणाला नाही, हे पोरगी मनातल्या मनात आधीच ओळखायची आणि कधी चुकायची नाही.

चाळीस वर्षांचं गुपित घरातल्याच पोरीनं मांडीवर बसून बघितलेलं होतं. त्यानं विचारलं, "मग ठाव असताना कौल कशाला मागितलास?"

"ठाव हुतं म्हणूनच. तवाबी म्हणूनच मागितला हुता."

तवा म्हणजे अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा नूतन वीस वर्षांची होती आणि तिच्याकडं एस्टीच्या कंडक्टरचा बिल्ला होता. बारावीनंतर पुण्याला हेलपाटे घालून, परीक्षा देऊन तिनं तो मिळवला होता. भरती निघाली की अर्ज करायचा एवढंच राहिलं होतं. घरात भांडी घासताना ती ताटलीवर टिचकी मारून 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणायची आणि धनाजी हसायचा. तेवढ्यात नसरापूरचं स्थळ आलं. मुलगा एकुलता, दुकान स्वतःचं, गुरवाचंच घर, हुंडा नको म्हणणारं. पाहुणे ओट्यावर बसलेले असताना नूतनच म्हणाली की देवीला विचारा. कौलाला ती चांगलं लुगडं नेसून आली होती आणि हसत होती. आईवेगळ्या पोरीचं ते हसू बघून धनाजीला भरून आलं. पोरीला स्थळ पसंत आहे, तोंडानं म्हणायला लाजते, असं त्यानं वाचलं आणि उजवी पाकळी पाण्यावर ठेवली. लग्नाच्या रात्री तो एकटाच देवळात बसून रडला होता, कारण आता घरात ताटली वाजणार नव्हती. पण पोरीच्या सुखाआड आपण आलो नाही याचं त्याला समाधान होतं.

"तू हसत हुतीस, नूतन," तो म्हणाला. "म्या ह्या डोळ्यांनी बघितलं."

"हसत हुते. मला खातरी हुती, माझा आबा मला धाडायचा न्हाई. पावण्यांपुढं तुमाला नको म्हणाया जड जाईल, म्हणून म्या म्हणलं देवीवर ढकलू. तुमी डावी पाडणार, पावणं उठून जाणार. बिल्ला पदराला बांधून आले हुते, आबा. आन तुमी उजवी पाडलीत. मग म्या म्हणलं, आबाला जड झाले म्या. आता हसत जावं म्हंजी त्यांला लागायचं न्हाई."

"मला वाटलं तुला तो पसंत हाय."

"आन मला वाटलं तुमाला."

एवढंच. एका घरात दोन माणसं राहत होती, दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, आणि दोघांनीही ती एकमेकांच्या सुखासाठी मोठ्या मनानं सोडून दिली. सोडलेली वस्तू रस्त्यावर पडून राहत नाही, कुणीतरी उचलतोच. सोमनाथनं उचलली. अशा चांगुलपणाला काय म्हणावं? चांगुलपणा म्हणायला तर जीभ रेटत नाही. भित्रेपणाच तो, फक्त आंघोळ करून, ओलं धोतर नेसून बसलेला.

धनाजीनं देवीच्या पायाशी पडलेली पाकळी उचलली आणि ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना. नूतन म्हणाली, "आता खरा कौल लावा. दोन्हीला सारखा आंगठा. आज तुमी बोलू नका, देवीला बोलू द्या."

आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की सरळ कौल कसा लावायचा ते आपल्याला येतच नाही. बापानं शिकवला असेल, पण हात विसरला होता. त्यानं दोन नव्या पाकळ्या बुडवल्या. एक लावली, ती जास्त दाबली असं वाटून काढली. पुन्हा लावली. शेवटी नूतननं त्याचं मनगट धरलं आणि तिच्या हाताखाली त्याच्या हातानं दोन्ही पाकळ्या बसल्या. कुठली घट्ट, कुठली सैल, हे आता त्या दोघांनाही माहीत नव्हतं. धनाजीच्या आयुष्यातला तो पहिला कौल.

दोघं भिंतीला टेकून बसले. पाकळ्या हलेनात. गाभाऱ्याच्या झरोक्यातलं ऊन देवीच्या गुडघ्यावरून खाली उतरलं. खाली झोडणी थांबली आणि परत सुरू झाली. कुणीतरी बाई अंगाऱ्याला आली, बाप-लेकीकडं बघून काही न विचारता चिमूटभर अंगारा घेऊन गेली. अर्धा तास झाला, तास झाला. नसरापूरवरून चेलाडी फाट्यावर जाणारी गाडी सव्वापाचला खालच्या थांब्यावर यायची.

धनाजीनं मग असं काही विचारलं जे त्यानं लेकीला कधीच विचारलं नव्हतं. त्याला आजवर वाटत आलं होतं, की तोंडाकडं बघितल्यावर विचारायची गरज नसते.

"तुला काय पायजे गं?"

नूतननं विचार केला नाही. उत्तर तिच्याजवळ तयारच होतं. "हितं ऱ्हायचं. प्रेरणाला गावच्या शाळंत घालायचं. भरती निघाली आन वय बसलं तर अर्ज भरायचा. न्हाईच बसलं तर झोडणीला जायचं. रातच्याला दाराला आतनं कडी लावून झोपायचं. सुख म्हंजी एवढंच, आबा. मला पाठ हाय ते. पर ते हितं हाय आन पोरगी तितं."

"म्हंजी तू जाणार."

"पाकळी पडंपतूर तरी बसू द्या."

म्हणजे तिचं ठरलेलं होतं. ती फक्त सव्वापाचपर्यंत बसली होती. आणि माणूस आपलं सुख निवडतो, फक्त धीर कमी पडतो, ही धनाजीची चाळीस वर्षांची समजूत तिथं भिंतीला टेकल्या टेकल्या संपली. त्याच्या शेजारी बसलेल्या बाईला आपलं सुख कशात आहे ते दाराच्या कडीपर्यंत ठाऊक होतं, आणि धीरही तिच्यात भरपूर होता. तो धीर घेऊन ती उलट्या दिशेनं चालली होती. गेनबाचे डोळे तेव्हा कशानं चमकले होते? जमिनीच्या आनंदानं, की रडू आवरत होता? धनाजीला वाटलं, आता त्याला शोधून विचारावं. पण आता विचारून काय उपयोग.

पाच वाजता नूतन उठली. पाकळ्या होत्या तिथंच होत्या. तिनं देवीला नमस्कार केला, बापाच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "देवीलाबी ठरवता येईना. तुमी वाईट वाटून घेऊ नका." आणि ती पायऱ्या उतरून गेली. न्यायला काही सामान नव्हतंच.

धनाजी बसून राहिला. सवयीनं त्याचा हात समईकडं गेला, कारण थोड्या वेळात वात लावायची वेळ होणार होती. कापूस हातात घेऊन तो देवीकडं बघत बसला आणि त्याला देवीचा राग आला. इतकी वर्षं तुझ्या नावानं मी बोललो, एकदा तरी तू बोल. एकदा! देवी शांत होती. दोन्ही खांद्यांवर दोन पांढऱ्या पाकळ्या, जराही न सुकलेल्या.

तो उठला. हात लांब करून त्यानं डावी पाकळी देवीच्या खांद्यावरून ओढून काढली, मुठीत धरली आणि अनवाणी धावत सुटला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, धोतर पायात येत होतं. खाचराच्या बांधावरून धावताना दोघातिघांनी त्याला हाक मारली. काय झालं, गुरवबुवा? तो थांबला नाही. थांब्याजवळ नूतन एकटी उभी होती आणि वळणावर गाडीचा आवाज येत होता.

"डावी पडली," तो म्हणाला. श्वास पुरत नव्हता. त्यानं मूठ उघडून पाकळी दाखवली. "जाऊ नगं. देवीनं सांगितलं."

नूतननं पाकळीकडं पाहिलं नाही. ती त्याच्याकडं बघत होती.

"आपसूक पडली?"

व्हय म्हणायला किती वेळ लागतो? चाळीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. आता म्हणाला असता तर कदाचित तिनं मानलंही असतं, कारण माणूस दमला की काहीही मानतो. धनाजीच्या ओठांवर ते आलं होतं. मग त्याला तिचं अकरा वर्षांपूर्वीचं हसू दिसलं.

"न्हाई," तो म्हणाला. "म्या काढली. देवी काय बोलली न्हाई. म्या बोलतोय. तू जाऊ नगंस, पोरी. मला तू घरात पायजेस. तवाबी पायजे हुतीस. तुझ्या लग्नाच्या रातीला म्या देवळात रडलो. तू मला कदीच जड न्हवतीस."

नूतनचा चेहरा वाकडा झाला. आठ दिवसांत ती रडली नव्हती, करंगळीला पट्टी बांधताना डॉक्टरपुढंसुद्धा नाही. आता रस्त्याच्या कडेला उभी राहून ती लहान पोरीसारखी रडली, आणि धनाजी ती पाकळी हातात धरून नुसता उभा राहिला. गाडी येऊन थांबली.

"हे तवा बोलायचं हुतं, आबा," ती म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती गाडीत चढली.

धनाजीनं मागं वळून पाहिलं. वर देवळाचं शिखर दिसत होतं. दाराला कडी नाही, समईत वात नाही, आणि दिवस कलला होता. या देवळाची सांजवात त्याच्या हयातीत कधी चुकली नव्हती. बायको गेली त्या दिवशीसुद्धा गावातल्या कुणाकडून तरी त्यानं ती लावून घेतली होती. त्यानं पाकळी टाकून दिली, दांडी धरली आणि तो अनवाणीच गाडीत चढला.

आत गर्दी नव्हती. नूतन खिडकीशी बसली होती. तो शेजारी बसला तेव्हा ती म्हणाली, "तुमी कुठं? पोचवाया नगं येऊ. दोनदा पोचिवलंत."

"पोचवाया न्हाई. आणाया चाललोय. प्रेरणाला घेतल्याबिगर आन तुला घेतल्याबिगर म्या त्याच्या दारातनं हलणार न्हाई."

"तो ऐकणार न्हाई."

"न्हाई ऐकणार."

"मारंल तुमाला."

"मारू दे. रस्त्यावर मारू दे, म्हंजी लोक बघतील. आन तितनं चौकीत जायचं. कागद हुईस्तवर म्या दारात बसतो. पोर सुरतला जायची तर माझ्या अंगावरनं जाईल." सोमनाथची त्याला भीती वाटत होती, पहिल्यापासूनच वाटत होती. दोन्ही वेळेला चहा न घेता उठण्याचं खरं कारण सांजवात नव्हतं, भीती होती. हे त्यानं तिला सांगितलं नाही, पण स्वतःला आज पहिल्यांदा सांगितलं. गाडी मार्गासनीच्या बाजूला वळली आणि धरणाचं पाणी मागं पडलं.

तिकीट मशीन घेऊन कंडक्टर आली. पंचविशीची बाई, खाकी शर्ट, केसांचा घट्ट अंबाडा, आणि छातीवर बिल्ला. नूतनची नजर त्या बिल्ल्यावर गेली आणि तिथंच राहिली. तिच्या स्वतःच्या बिल्ल्याचं काय झालं हे धनाजीनं कधी विचारलं नव्हतं.

"कुठं, बाबा?"

"नसरापूर," धनाजी म्हणाला. मग त्याला वाटलं, एवढं बोलून भागणार नाही. पुढचंही आत्ताच, चारचौघांत बोलून टाकलं पाहिजे, नाहीतर उतरेपर्यंत आपला धीर गळेल. "जाताना दोन. येताना अडीच. समदी आत्ताच फाडा."

कंडक्टरनं त्याच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, शेजारच्या बाईच्या बांधलेल्या करंगळीकडं पाहिलं. बोलताना तिचा आवाज खाली आला.

"येतानाचं आत्ता मिळत न्हाई, बाबा. येतानाचं येताना काढायचं."

धनाजीनं उपरण्याच्या गाठीतले दक्षिणेचे पैसे काढून दिले, आणि तिनं दोन तिकिटं फाडून त्याच्या हातात दिली. नूतननं ती त्याच्या हातातून घेतली, उलटून बघितली आणि पदराच्या टोकाला बांधून टाकली. नसरापूर यायला अजून पाऊण तास होता.